गोळी छापणारी यंत्रं: कोणतं कामाचं, कोणतं नुसतं दाखवायचं

थ्री-डी प्रिंटरवर औषधाची गोळी छापता येते, यात आता नवल राहिलेलं नाही. अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्थेने) २०१५ मध्ये ‘स्प्रिटाम’ या अपस्मारावरच्या गोळीला मंजुरी दिली, तेव्हाच तो प्रश्न मिटला. आता प्रश्न वेगळा आहे: रुग्णालयाच्या औषध विभागासाठी, फार्मसी कॉलेजसाठी किंवा छोट्या संशोधन प्रयोगशाळेसाठी यंत्र घ्यायचं तर कोणत्या पद्धतीचं घ्यायचं? माहितीपत्रकं वाचली तर सगळी यंत्रं सारखीच वाटतात. हवी ती मात्रा, हवा तो आकार, बटण दाबलं की गोळी. प्रत्यक्षात गोळी बिघडते ती बहुतेक वेळा यंत्रामुळे नाही, तर यंत्रात भरलेल्या मालामुळे. म्हणून खाली प्रत्येक पद्धत त्याच कसोटीवर पाहिली आहे: माल तयार करायला किती त्रास, गोळीत औषध मोजून किती बसतं, आणि बिघडतं तेव्हा काय बिघडतं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. हा घरच्या टेबलावर करायचा उद्योग नाही. परवानाधारक औषधनिर्माते आणि प्रयोगशाळा यांच्यासाठी हे लिहिलं आहे.

फिलामेंटचा प्रिंटर (एफडीएम): स्वस्त दिसतो, तेवढा नाही

बहुतेक जण सुरुवात इथूनच करतात. प्लॅस्टिकची तार वितळवून थरावर थर चढवणारा हा प्रिंटर सगळीकडे मिळतो, सॉफ्टवेअर फुकट असतं, सुटे भागही सहज मिळतात. अडचण अशी की औषध असलेली तार बाजारात मिळत नाही, ती स्वतः काढावी लागते. म्हणजे प्रिंटरच्या आधी हॉट मेल्ट एक्स्ट्रूडर (माल वितळवून तार काढणारं यंत्र) हवा, तोही शक्यतो दोन स्क्रूचा. हा एक्स्ट्रूडर प्रिंटरपेक्षा कितीतरी महाग पडतो. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हाच प्रकार.

तारेचा ठरलेला व्यास १.७५ मिमी. प्रिंटर तारेची लांबी मोजतो, वजन मोजत नाही. त्यामुळे व्यास घसरला की मात्रा घसरते, आणि तीही वर्गाच्या पटीत. १.७० मिमीची तार आली तर गोळीत माल सुमारे ५.६ टक्के कमी पडतो, १.६५ झाली तर ११ टक्के. पडद्यावर यातलं काहीच दिसत नाही, गोळीही दिसायला छान असते. म्हणून तार बाहेर पडताना सरकत्या पट्ट्यावर ओढायची, दर १० सेंटीमीटरला व्यास दोन दिशांनी मोजायचा (तार लंबगोल झाली असेल तर एका दिशेने मोजून कळत नाही) आणि ±०.०५ मिमीच्या बाहेरचा तुकडा कापून टाकायचा. १.२ घनतेच्या मिश्रणातून ३०० मिलिग्रॅमची गोळी काढायला अशी साधारण १०४ मिमी तार लागते. एका गोळीत काय काय मावतं याचा अंदाज त्यावरून येतो.

दुसरा ताप तारेच्या स्वभावाचा. फार ठिसूळ तार ढकलणाऱ्या दातेरी चाकांमध्येच कडकन मोडते. फार मऊ असली तर चाकांखाली वाकून गुंडाळी होते आणि नोझलपर्यंत पोचतच नाही. एचपीएमसी-एएस किंवा युड्रॅजिटसारख्या पॉलिमरमध्ये ट्रायएथिल सायट्रेट किंवा पीईजी असा मऊपणा आणणारा पदार्थ (प्लॅस्टिसायझर) मिसळून यातला सुवर्णमध्य काढावा लागतो, आणि तो प्रत्येक औषधासाठी नव्याने. कारण काही औषधं स्वतःच प्लॅस्टिसायझरचं काम करतात. आयबुप्रोफेन हे त्याचं ठळक उदाहरण: रिकाम्या पॉलिमरला जमलेलं प्रमाण आयबुप्रोफेन घातल्यावर तार लिबलिबीत करून टाकतं. साधी चाचणी अशी: तारेचा वीतभर तुकडा बोटांनी हळू वाकवायचा. काटकोनाच्या आत मोडला तर चाकात टिकणार नाही. वाकवून सोडल्यावर तसाच लोंबत राहिला तर ढकलला जाणार नाही.

पीव्हीए (पाण्यात विरघळणारं पॉलिमर) वापरणाऱ्यांसाठी आणखी एक खूण. नोझलमधून बारीक तडतड ऐकू आली आणि बाहेर येणाऱ्या धाग्यात बुडबुडे दिसले, तर तारेने हवेतली ओल पिली आहे. थांबवा, तार वाळवा, सिलिका जेल घातलेल्या बंद डब्यात ठेवा. तशीच छापत राहिलात तर वजन डोळ्यांदेखत हलकं होत जातं.

पण एफडीएमवरचा सगळ्यात मोठा आक्षेप उष्णतेचा आहे. औषधाला दोनदा भाजावं लागतं, एकदा एक्स्ट्रूडरमध्ये आणि दुसऱ्यांदा नोझलमध्ये. पीव्हीएच्या तारेत ४-अमिनोसॅलिसिलिक आम्ल घालून २१० अंश सेल्सियसला छापलं तेव्हा जवळजवळ निम्मं औषध नासलं, हे प्रयोगांत नोंदलं गेलं आहे. त्याचंच भावंड असलेलं ५-अमिनोसॅलिसिलिक आम्ल त्याच पद्धतीत टिकलं. म्हणजे रेणू जवळपास सारखा दिसतो म्हणून निश्चिंत राहता येत नाही. औषधाचा टीजीए (तापवताना वजन किती घटतं) आणि डीएससी (तापवताना ते कधी वितळतं) आलेख हातात असल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. आणि आलेखात काही दिसलं नाही तरी छापलेल्या गोळीचा एचपीएलसी (मूळ औषध नेमकं किती उरलं ते मोजणारी चाचणी) करायचाच, कारण टीजीएला वजन घटलेलं कळतं, रेणू बदललेला कळत नाही.

मात्रेचंही गणित बघा. १० मिमी व्यासाची, ३.६ मिमी उंच गोळी ०.२ मिमीच्या १८ थरांत उभी राहते आणि साधारण ३४० मिलिग्रॅम भरते. तारेत १० टक्के औषध असेल तर गोळीत ३४ मिलिग्रॅम. कमी मात्रेच्या औषधांना हे पुरतं. पण ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल ३० टक्क्यांच्या तारेतून द्यायचं म्हटलं तर पावणेदोन ग्रॅमचा गोळा होईल. तो कोण गिळणार?

मग एफडीएम घ्यायचाच नाही का? सावकाश सुटणाऱ्या औषधासाठी, थरांची रचना बदलून बघण्यासाठी, विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी जरूर घ्यावा. आकाराने औषधाचा वेग कसा बदलतो हे याच्याइतकं स्वच्छ दुसरं कुठलं यंत्र दाखवत नाही. पृष्ठभाग आणि आकारमान यांचं गुणोत्तर जास्त, तर औषध लवकर सुटतं. घन, पिरॅमिड, गोल, कडं असे आकार छापून हे सिद्ध झालेलं आहे. तातडीने विरघळणारी गोळी हवी असेल तर मात्र भरीव छापून उपयोग नाही. पॉलिमरचा ठोकळा पाण्यात फुटत नाही, बाहेरून झिजत जातो. गोळीत आरपार खाचा ठेवाव्या लागतात, आणि त्या ०.६ मिमीपेक्षा अरुंद असल्या तर पाणी आत नीट खेळत नाही, खाच नसल्यासारखीच ठरते. लांब खाचेपेक्षा आखूड खाचा जास्त चांगल्या.

साधा घरगुती प्रिंटर घेऊन त्याला औषधाच्या कामाला जुंपणाऱ्यांनी पितळी नोझल आधी काढून फेकावं. पितळात शिसं असतं. स्टेनलेस स्टीलचं बसवा, आणि फिरत्या भागांवरचं ग्रीस कुठवर पोचतं ते तपासा.

भुकटी थेट वितळवणारं डोकं (डीपीई)

तार काढायचा खटाटोप वाचावा म्हणून भुकटी थेट छोट्या स्क्रूत घालून वितळवण्याची सोय निघाली. इट्राकोनाझोल हे औषध आणि हायड्रॉक्सीप्रोपिल सेल्युलोज हे पॉलिमर यांचं मिश्रण २०१९ मध्ये असं छापलं गेलं. काही ग्रॅम मालात काम भागतं, त्यामुळे महागड्या नव्या रेणूवर चाचण्या करणाऱ्यांना ही पद्धत एफडीएमपेक्षा कधीही बरी. तारेच्या ठिसूळपणाचं दुखणंही संपतं. त्याच्या जागी दोन नवी येतात. हॉपरमध्ये (भुकटी ओतायच्या चाडीत) भुकटीची कमान धरते आणि माल उतरायचा थांबतो. आणि एकच आखूड स्क्रू असल्याने आत मिसळणं जवळजवळ होतच नाही, जे बाहेर मिसळून घातलं तेच बाहेर पडतं. तेव्हा भुकटी चाळून, औषध थोड्या भुकटीत आधी घोटून मग दुपटी-दुपटीने वाढवत मिसळायची. खलबत्त्यातली जुनीच रीत. ती सोडली तर पहिल्या आणि विसाव्या गोळीत फरक पडतो.

सिरिंजचं यंत्र (सेमी-सॉलिड एक्स्ट्रूजन): रुग्णालयासाठी आमची निवड

इथे औषध मिसळलेला मऊ लगदा किंवा कोमट, वितळलेला आधार (ज्यात औषध मिसळतात तो पदार्थ) सिरिंजमध्ये भरतात आणि दट्ट्याने ढकलून छापतात. तापमान ४०–६० अंशांच्या आसपास, कधी कधी तर खोलीच्या तापमानालाच. सिरिंज आणि नोझल एकदा वापरून फेकून देता येतात, म्हणजे एका औषधानंतर दुसरं छापताना साफसफाईचं प्रमाणीकरण जवळजवळ नाहीसंच होतं. औषध विभागाच्या दृष्टीने हा एकच मुद्दा बाकी सगळ्यांवर मात करतो. एफडीएमच्या गरम डोक्यात आधीचं औषध कोपऱ्यात चिकटून राहतं आणि ते गेलं हे सिद्ध करण्यातच दिवस जातो.

रुग्णालयातच गोळी छापून रुग्णाला देण्याचा वापरही इथलाच आधी झाला. स्पेनमधल्या सांतियागो दे कोंपोस्तेला इथल्या रुग्णालयात मेपल सिरप युरिन डिसीज या दुर्मीळ चयापचय विकाराच्या मुलांना आयसोल्युसिन या अमिनो आम्लाच्या चघळायच्या गोळ्या अशाच छापून दिल्या गेल्या, वेगवेगळ्या चवींच्या आणि रंगांच्या. तो अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सहभागी मुलं मोजून चार, त्यामुळे त्यावर डोलारा उभारू नये; पण रक्तातली पातळी हव्या त्या मर्यादेत राहिली आणि मुलांनी गोळी खाल्ली, हे दोन्ही महत्त्वाचं. ‘फॅबआरएक्स’ या लंडनच्या कंपनीने २०२० मध्ये बाजारात आणलेल्या ‘एमथ्रीडायमेकर’ यंत्रात एफडीएम, डीपीई आणि सिरिंज अशी तिन्ही डोकी बदलून लावता येतात. ज्यांना संशोधन आणि रुग्णसेवा दोन्ही एकाच यंत्रावर करायचं आहे त्यांना ही रचना पटेल. फक्त रुग्णसेवा करायची असेल तर सिरिंजच्या डोक्यापलीकडे फारसं काही वापरलं जाणार नाही.

आता अचूकतेचा मामला, कारण खरी मेख तिथे आहे. समजा मुलासाठी ६ मिलिग्रॅमची गोळी हवी. आधारात औषध ४ टक्के, म्हणजे गोळी १५० मिलिग्रॅमची. घनता १.०५ धरली तर आकारमान १४३ घन मिमी. १० मिली सिरिंजचा आतला व्यास साधारण १४.५ मिमी असतो. तिच्यात एवढ्या मालासाठी दट्ट्या ०.८७ मिमी सरकतो. बस, एवढाच. युरोपियन आणि भारतीय फार्माकोपियात (औषधांच्या दर्जाच्या अधिकृत नियमग्रंथांत) या वजनाच्या गोळीला ±७.५ टक्क्यांची मुभा आहे, म्हणजे दट्ट्याच्या सरकण्यात ०.०६५ मिमीची चूक झाली की गोळी मर्यादेबाहेर. दट्ट्याचं रबर दाबलं जाऊन तेवढं तर सहज आकसतं. हाच माल ३ मिली सिरिंजमध्ये (व्यास ८.७ मिमीच्या आसपास) भरला तर दट्ट्या २.४ मिमी सरकतो आणि चुकीची मुभा ०.१८ मिमी होते, जवळपास तिप्पट. किंमत अशी मोजावी लागते की नोझल आणि तोंडाशी अडकणारा माल वजा जाता ३ मिलीत जेमतेम १८ गोळ्या निघतात. कमी मात्रेच्या, जोखमीच्या औषधाला बारीक सिरिंजच घ्या आणि मधे एकदा बदला. १० मिलीची सिरिंज जीवनसत्त्वांसारख्या सैल कामाला ठीक.

नोझलचा व्यास निवडतानाही सौंदर्यापेक्षा हिशोब बघावा. १४३ घन मिमी माल ०.४ मिमी नोझलमधून काढायला ११४ सेंटीमीटर धागा लागतो; १० मिमी प्रति सेकंद वेगाने जवळपास दोन मिनिटं. ०.८ मिमीतून तोच माल २८ सेंटीमीटरात, अर्ध्या मिनिटात. २८ गोळ्यांच्या पुडीला हा फरक तासाभरापेक्षा थोडा कमी ते पाव तास एवढा पडतो. ०.४ चं नोझल आणखी एका कारणाने नको: औषधाचे कण १५० मायक्रॉनच्या (०.१५ मिमी) चाळणीतून गेलेले असले तरी त्यांची गाठ झाली की तोंड बुजतं. आणि बुजलेलं तोंड एकदम मोकळं होतं तेव्हा मागे साठलेला दाब पुढच्या गोळीत उतरतो. आधीची गोळी हलकी, नंतरची जड, दोन्ही बाद.

आधार कोणता वापरायचा? मेदयुक्त आधार (जेलुसायर ४८/१६ सारखे, ५० अंशांच्या आत वितळणारे) पाण्याशिवाय असल्यामुळे बुरशीची भीती नाही, वाळवत बसावं लागत नाही, छापल्यावर थंड झाली की गोळी तयार. त्यात न विरघळणारं औषध असेल तर सावध. सिरिंज गरम डोक्यात उभी राहिली की कण हळूहळू खाली बसतात, पहिल्या गोळ्या जड मात्रेच्या आणि शेवटच्या पांचट. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! उपाय तीन: कण बारीक करा, आधार थोडा घट्ट ठेवा, आणि भरलेली सिरिंज लगेच थंड करून गोठवा, छापायच्या वेळेलाच पुन्हा वितळवा. तपासताना सरमिसळ दहा गोळ्या उचलू नका. पहिल्या तीन, मधल्या तीन, शेवटच्या तीन वेगळ्या तपासा. उतार आहे की नाही ते तेव्हाच दिसतं.

जिलेटिन-ग्लिसरॉलचा चघळायचा आधार मुलांना आवडतो, पण त्यात पाणी असतं. पाणी म्हणजे जंतू, पाणी म्हणजे वजन घटणं. उघड्यावर ठेवलेली गोळी एका रात्रीत आकसते, आणि तिच्यातलं औषध तेवढंच राहून टक्केवारी वाढते. त्यामुळे छापल्या-छापल्या केलेलं वजन आणि दुसऱ्या दिवशीचं वजन यांची गल्लत करू नये. कोणतं वजन प्रमाण मानायचं हे आधी ठरवून कागदावर लिहावं.

हवेचे बुडबुडे हा या पद्धतीचा रोजचा शत्रू. लगदा चमच्याने वरून भरला की हवा अडकतेच. दोन सिरिंजची तोंडं जोडून एकीतून दुसरीत हळू ढकलत भरा, नंतर तोंड वर करून ठेवा किंवा सेंट्रिफ्यूजमध्ये मिनिटभर फिरवा. पण औषध न विरघळता लगद्यात कणांच्या रूपात असेल तर सेंट्रिफ्यूज नको, कण तळाशी दाबून बसतील. सुरुवातीचा ०.१–०.२ मिली माल बाजूला काढून टाकायचाच. धागा सलग, एकाच जाडीचा दिसू लागला की मगच पहिली गोळी.

यंत्र निवडताना ढकलण्याची पद्धत विचारा. हवेच्या दाबाने ढकलणारी यंत्रं लगद्याच्या घट्टपणावर नाचतात. डोक्याचं तापमान अंश-दोन अंश हललं की प्रवाह बदलतो आणि वजन त्याच्या मागे जातं. स्क्रू-मोटरने दट्ट्या ढकलणारं यंत्र आकारमान ठरवून देतं, म्हणून ते घ्यावं. त्याचा दोष असा की थांबल्यावरही रबराच्या ताणामुळे थेंब गळत राहतो. दट्ट्या किती मागे घ्यायचा हे प्रत्येक आधारासाठी वेगळं बसवावं लागतं आणि विक्रेता दाखवतो ते आकडे त्याच्या आधाराचे असतात.

थेट ब्लिस्टरच्या खळग्यात किंवा कॅप्सूलच्या रिकाम्या टोपणात छापायची सोय असेल तर डोळे झाकून घ्या. गोळी उचलणं, ती मोडणं, चिकटणं हे सगळं वाचतं. गोळी सुबक दिसत नाही, एवढंच.

लेझरने भुकटी जोडणारं यंत्र (एसएलएस)

भुकटीच्या थरावर लेझर फिरवून कण एकमेकांना चिकटवायचे, वरून नवा थर, पुन्हा लेझर. द्रव नाही, तार नाही, आणि गोळी सच्छिद्र निघते, त्यामुळे चटकन विरघळणाऱ्या गोळ्यांना ही पद्धत उत्तम. छोट्या यंत्रांत ४४५ नॅनोमीटरचा निळा लेझर असतो आणि औषधाच्या पांढऱ्या भुकट्या तो प्रकाश शोषतच नाहीत. म्हणून खाण्यायोग्य चमकदार रंगद्रव्य मिसळतात. कोलिकोट आयआर हे पॉलिमर आणि पॅरासिटामॉल यांच्या सुरुवातीच्या कामात ‘कँड्युरिन’ नावाचं असं रंगद्रव्य ३ टक्के घातलं होतं. गोळी त्यामुळे पिवळसर सोनेरी दिसते. निफेडिपिनसारखं प्रकाशाला नाजूक औषध इथे आणूच नये.

लेझर वेगाने फिरवला तर गोळी भुसभुशीत आणि लवकर फुटणारी, सावकाश फिरवला तर टणक आणि रेंगाळणारी. एकाच मिश्रणातून दोन स्वभाव, ही यातली खरी गंमत. पण दहा गोळ्यांसाठीसुद्धा पेटी भरून भुकटी लागते. न जोडलेली भुकटी पुन्हा वापरायची का? ती तासन्‌तास तापलेली असते. संशोधनात चालवून घेतात. रुग्णाच्या गोळीसाठी तिची तपासणी करण्यापेक्षा फेकणं स्वस्त पडतं, आणि औषध महाग असेल तर तेही परवडत नाही. रुग्णालयासाठी नाही. विद्यापीठात एक असावं.

राळ आणि प्रकाश (एसएलए, डीएलपी)

सगळ्यात रेखीव गोळी इथे निघते आणि पोटात घ्यायला सगळ्यात कमी भरवशाची हीच. पीईजी-डायॲक्रिलेटसारखी राळ प्रकाशाने घट्ट होते. न जुळलेले मोनोमर (राळेचे सुटे रेणू) आणि प्रकाश-आरंभक (प्रकाश पडताच जोडणी सुरू करणारं रसायन) गोळीत उरतात. त्याहून वाईट म्हणजे राळ औषधाशीच संसार थाटते: ॲम्लोडिपिन या औषधाच्या रेणूतला अमिन गट राळेतल्या ॲक्रिलेटशी जोडला जाऊन औषध गोळीतून गायब झाल्याचं २०२० मध्ये प्रसिद्ध झालं आहे. सूक्ष्म सुयांचे साचे वगैरेसाठी वापरा. तोंडावाटे घ्यायच्या औषधासाठी आमचं मत सरळ नकाराचं.

स्प्रिटाम: जी विकत मिळते ती गोळी

या यादीत तयार उत्पादन म्हणून पाहण्यासारखी ही एकच. एमआयटीमधून निघालेल्या तंत्रावर ‘ॲप्रेशिया’ कंपनीने ती बेतली: लेव्हेटिरासेटॅम या औषधाच्या भुकटीचा थर, त्यावर द्रवाचे थेंब, पुन्हा थर. कुठेही दाब नाही. घोटभर पाण्याबरोबर तोंडात ती सरासरी ११ सेकंदांत फुटते. माहितीपत्रकात २ ते २७ सेकंदांची कक्षा दिली आहे. एका गोळीत १००० मिलिग्रॅमपर्यंत औषध असूनही हे जमतं, आणि गिळायला त्रास होणाऱ्या अपस्माराच्या रुग्णाला ते मोलाचं आहे. दाबून बनवलेल्या तोंडात विरघळणाऱ्या गोळीत एवढं औषध कोंबणं फार अवघड.

त्याची दुसरी बाजू नाजूकपणा. फॉइलमधून अंगठ्याने ढकलायची नाही, कोरड्या हाताने फॉइल सोलून काढायची, अशी सूचना त्यासाठीच. आणि एक विसंगती लक्षात ठेवा: थ्री-डी छपाईचं नाव निघालं की सगळे वैयक्तिक मात्रेबद्दल बोलतात, पण ही गोळी २५०, ५००, ७५० आणि १००० अशा चारच ठरीव ताकदींत मिळते. इथे छपाईने मात्रा बदलली नाही, गोळीचा पोत बदलला.

यंत्राबरोबर जे विकत मिळत नाही

मात्रा बदलायची म्हणजे संगणकात गोळी मोठी करायची, असं सॉफ्टवेअर दाखवतं. ५ ची १० मिलिग्रॅम करताना सगळ्या बाजू सारख्या वाढवल्या तर प्रत्येक बाजू १.२६ पट होते आणि पृष्ठभाग-आकारमान गुणोत्तर पाचव्या हिश्शाने घटतं. म्हणजे मात्रा दुप्पट झाली, पण औषध सुटण्याचा वेग मंदावला. दोन वेगळ्या गोळ्या झाल्या त्या. यापेक्षा धाग्यांची जाळी ठेवावी आणि जाळीचं क्षेत्रफळ वाढवावं. धाग्याची जाडी तीच राहिल्याने वेग फारसा हलत नाही.

तपासणीचा प्रश्न त्याहून चिवट आहे. नेहमीच्या कारखान्यात लाखभर गोळ्यांतल्या दहा फोडून औषधाचं प्रमाण काढतात, स्वीकार-मूल्य (दहा गोळ्यांतली मात्रा ठरलेल्या मात्रेपासून किती हलते ते सांगणारा आकडा) १५ च्या आत आलं की पुढे जातात. इथे एका रुग्णाच्या २८ गोळ्या छापल्या आणि दहा फोडल्या, तर रुग्णाला काय द्यायचं? म्हणून यंत्रातच तराजू हवा, प्रत्येक गोळीचं वजन आपोआप नोंदणारा. छापताना मधेच हवेची झुळूक लागली तरी मिलिग्रॅमचा आकडा हलतो, त्यामुळे तराजूवर झाकण आहे का ते बघा. वजन बरोबर म्हणजे औषध बरोबर असं तेव्हाच म्हणता येतं जेव्हा सिरिंजमधला माल एकसारखा असल्याचं आधी तपासलेलं असतं. गोळी न फोडता अवरक्त प्रकाशाने औषध मोजणारा एनआयआर संवेदक काही यंत्रांना जोडता येतो. पण त्याचं कॅलिब्रेशन प्रत्येक औषधासाठी, प्रत्येक आधारासाठी वेगळं करावं लागतं. ‘एनआयआर आहे’ एवढ्यावर पैसे मोजू नका, तुमच्या औषधाचं मॉडेल कोण बनवून देणार ते विचारा.

कायद्याची बाजूही हलते आहे. ब्रिटनने रुग्णाजवळच औषध बनवण्यासाठी वेगळे नियम केले आणि ते जुलै २०२५ पासून लागू झाले. इतरत्र बहुतेक ठिकाणी अशी गोळी औषधनिर्मात्याने हाताने बनवलेल्या मिश्रणाच्या नियमांखालीच बसवावी लागते.

प्रात्यक्षिक बघायला जाल तेव्हा विक्रेत्याचा तयार नमुना नको. आपला आधार, आपलं औषध (किंवा त्याच कणआकाराचा निरुपद्रवी पर्याय) घेऊन जा. एका सिरिंजमधून सलग वीस गोळ्या छापायला सांगा, दहाव्या गोळीनंतर यंत्र पाच मिनिटं थांबवायला लावा आणि पुन्हा सुरू करा. अकरावी गोळी तराजूवर ठेवा. थांबलेल्या काळात नोझलच्या टोकाशी माल सुकला की गळला, दट्ट्याचा दाब टिकला की गेला, हे सगळं त्या एका गोळीत उतरतं. विसांपैकी दोनपेक्षा जास्त गोळ्या ±७.५ टक्क्यांच्या बाहेर गेल्या किंवा एकही १५ च्या पलीकडे गेली, तर फार्माकोपियाच्या नियमाने तो घाणा नापास. आणि निघण्यापूर्वी नोझल व सिरिंज कोणत्याही कंपनीची चालते की फक्त त्यांचीच, हे लेखी घ्या.